मदत हवी: ८ रोटरच्या कड्यात स्थिर बिंदूंची मोजणी थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला एक्सवाय मॉडेल (एका प्रतलात फिरणारे बाण, म्हणजे रोटर; प्रत्येकाला एक कोन) घेतलंय, तेही अगदी गरिबाघरचं: एकाच मितीत, दोन्ही टोकं जोडून केलेलं कडं. ऊर्जा म्हणजे शेजाऱ्यांच्या कोनांतल्या फरकांच्या कोसाइनची बेरीज, उणे चिन्ह लावून. जिथे ऊर्जेचे सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य होतात ते स्थिर बिंदू, सगळे हवेत. तळ, शिखरं, खोगिरं, काहीच सोडायचं नाही. सगळे रोटर एकदम फिरवले तर ऊर्जा तीच राहते, म्हणून शेवटचा कोन शून्यावर खिळवलाय.

रँडम सुरुवात, मग न्यूटनची पद्धत (पायरीपायरीने समीकरणाच्या उत्तराकडे सरकणारी), मग दुबार आलेली उत्तरं गाळायची. ६ रोटरना ६० बिंदू, ७ ना १४०. या दोन्हींत आणखी कितीही रन मारले तरी आकडा हलत नाही. ८ चं रात्रभर चालवलं, तर सकाळी यादी हजारोंत आणि वाढतेच आहे! वाढीव सगळे शून्य ऊर्जेवर, आणि प्रत्येकाच्या हेसियनला (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या मॅट्रिक्सला) एक आयगेनव्हॅल्यू जवळपास शून्य, म्हणजे एका दिशेला ऊर्जा सपाट. टॉलरन्स (किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा) वर-खाली करून झाला. सर म्हणतात, "बग असेल, बघ." दोन आठवडे बघतोय.

प्रतिसाद १
न्यूटनच वापरताय ना? ग्रेडियंटचा (सगळ्या पहिल्या डेरिव्हेटिव्हचा) वर्ग मिनिमाइज करत असाल तर तो खोट्या जागीही अडकतो, जिथे ग्रेडियंट शून्य नसतोच.

धागाकर्ता
न्यूटनच. ग्रेडियंटही तपासला, शून्यच येतोय.

प्रतिसाद २
बग नाहीये रे, सरांना सांग. कागद घे. प्रत्येक रोटरच्या डाव्या आणि उजव्या फरकाचा साइन सारखा हवा, म्हणजे कडंभर एकच साइन. मग प्रत्येक फरक एकतर अ, नाहीतर १८० − अ. कडं जुळायला सगळ्यांची बेरीज ३६० च्या पटीत हवी. ७ चे दोन समान गट पडत नाहीत, त्यामुळे अ ला मोजक्याच किमती मिळतात. ८ मध्ये चार फरक अ आणि चार १८० − अ घे: बेरीज ७२०, अ उडाला! आता अ काहीही ठेव; तो फिरवत गेलास की उत्तरांचं एक अख्खं वर्तुळ बनतं. कोसाइनही आपसात कटतात, म्हणून तुझी ती शून्य ऊर्जा. तुझा प्रोग्रॅम अख्ख्या वर्तुळावरचे कण वेचत बसलाय.

अशी ३५ वर्तुळं आहेत. सगळे फरक ९० किंवा सगळे −९०, या दोन ठिकाणी ती सगळीच्या सगळी एकत्र येतात. तिथे हेसियन पूर्ण शून्य, फार सुंदर जागा आहे. वर्तुळांबाहेर सुटे बिंदू ९४ निघायला हवेत, तेवढे मोजून बघ.

६ ला तीन-तीन घेतले तर ५४० होतात, कडं जुळत नाही, म्हणून तिथे सुटलास. ४ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या छळणार.

उपाय: एकाच जोडणीच्या (शेजाऱ्यांच्या एका जोडीच्या) कोसाइनच्या आतल्या फरकात छोटासा ठरावीक कोन मिळव. वर्तुळं फुटतील आणि नेमके २८० बिंदू उरतील.

धागाकर्ता
९४ आले!! आणि कोन घातल्यावर २८०. दंडवत घ्या. आता ४×४ च्या जाळीवर जायचंय, चारही कडा जोडलेल्या. तिथेही हेच होईल का?

प्रतिसाद २
होणारच. चारच्या कड्याचं असं वर्तुळावरचं एक उत्तर घे आणि प्रत्येक ओळीत तेच छाप. उभे फरक शून्य, त्यांचे साइनही शून्य, वर्तुळ जसंच्या तसं. आधी सगळ्या जोडण्यांत रँडम कोन घाल, मग रन लाव. रात्र वाया घालवू नकोस.