नवऱ्याचा जॉब गेलाय, स्टेटचं अनएम्प्लॉयमेंट (बेरोजगारी भत्ता) घ्यावं का? आणि टाउनशिपच्या फंडाच्या हिअरिंगला काय विचारू? मिशिगन

सायली_मिशिगन
नमस्कार मंडळी, वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला एका टाउनशिपमधे राहतो, ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिपचा अर्ज पुढच्या वर्षी टाकायचाय. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका सप्लायरकडे इंजिनियर होता, गेल्या महिन्यात त्याचा अख्खा ग्रुपच बंद केला. थोडा सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ते पैसे) मिळालाय. मी म्हणतेय स्टेटकडे क्लेम टाक, तर तो म्हणतो नको, इतकी वर्षं स्वतःच्या जिवावर खाल्लं आता सरकारपुढे हात नाही पसरायचा. गावाकडून सासरे पण फोनवर तेच म्हणाले. आणि सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत याचा काही त्रास होईल का ही भीती आहेच. रात्री यावरून वाद होतात, खरं सांगते.

दुसरं म्हणजे मी शनिवारी इथल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट धान्य देतात तिथे) मदत करते. गेल्या काही महिन्यांत तिथे गर्दी खूप वाढलीये आणि येणारे लोक आपल्यासारखेच आहेत, प्लांटमधले, सप्लायरकडचे, दुकानांतले. पुढच्या महिन्यात टाउनशिपची सीडीबीजी फंडाची (गावाच्या कामांसाठी फेडरल सरकारकडून येणारा पैसा) पब्लिक हिअरिंग आहे आणि पँट्री चालवणाऱ्या बाईंनी मला तिथे बोलायला सांगितलंय. मला त्यातलं काहीच कळत नाही. मंदी आली की स्टेटकडचे पैसे आटतात म्हणतात, मग बेरोजगारांचे पैसे आणि गावाला मिळणारे पैसे दोन्ही एकदम कापतात का? कुणी नीट समजावून सांगेल का.

पेरोलवाला_ट्रॉय
सायलीताई, आधी क्लेम टाकायला लावा, आजच. क्लेम साधारणपणे टाकला त्या आठवड्यापासून धरतात, मागचे आठवडे सहसा भरून मिळत नाहीत, त्यामुळे घरातला वाद जितका लांबेल तितके पैसे जातात.

मी पेरोल करतो म्हणून हे पैसे कुठून येतात ते सांगतो. तुमचे मिस्टर कामावर होते तेव्हा त्यांच्या नावाने कंपनी दर वर्षी दोन ठिकाणी टॅक्स भरत होती. एक फेडरल, म्हणजे पहिल्या 7,000 डॉलर पगारावर 6 टक्के, पण स्टेटचा टॅक्स वेळेवर भरला की त्यातले 5.4 टक्के माफ, म्हणजे माणशी वर्षाला 42 डॉलर. दुसरा स्टेटचा, तो दर कंपनी बघून ठरतो, जी जास्त माणसं काढते तिचा दर चढतो. हा पैसा स्टेटच्या ट्रस्ट फंडात साठतो आणि नोकरी गेलेल्याला त्यातूनच देतात. म्हणजे त्यांच्या कामावरच तो जमा झालाय, कुणाच्या उपकाराचा प्रश्नच येत नाही. सासऱ्यांना विचारा, एलआयसीचा हप्ता भरून मुदत संपल्यावर पैसे नको म्हणाले असते का.

सिटिझनशिपचं म्हणाल तर नॅचरलायझेशनला पब्लिक चार्जची, म्हणजे सरकारी मदतीवर जगता का हे बघायची, टेस्टच नसते. फक्त कागद खरे ठेवा. हे पैसे टॅक्सेबल असतात, जानेवारीत 1099-जी फॉर्म येतो, तो रिटर्नमधे दाखवायचा. हवं तर 10 टक्के फेडरल टॅक्स आधीच कापून घेता येतो, घ्याच, नाहीतर एप्रिलमधे एकदम भरावे लागतात. सेव्हरन्स मालकाने कुठल्या आठवड्यांना लावलाय त्यावर ते आठवडे अडकू शकतात, पण तो लपवायचा नाही, फॉर्ममधे लिहायचा आणि क्लेम टाकायचाच. मग मिशिगन वर्क्सला (नोकरी शोधायला मदत करणारं केंद्र) रजिस्टर करायचं, दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करायचं (अजून बेरोजगार आहे हे स्टेटला कळवायचं) आणि जिथे जिथे अर्ज केला त्याची यादी ठेवायची.

रॅलेकर
यात एक भर टाकतो, कारण इथे वाचणारे बरेच जण एच-1बी वर (एका मालकाशी बांधलेल्या व्हिसावर) असतील. तुमच्या नावाने पण कंपनी तोच टॅक्स भरते, पण नोकरी गेली की हे पैसे सहसा मिळत नाहीत, कारण अट अशी असते की लगेच कुठेही कामाला लागायला मोकळे हवेत आणि एच-1बीवाला तसा मोकळा नसतो. त्याला देशात राहायला 60 दिवसांचा ग्रेस मिळतो आणि त्यात नवा मालक शोधायचा. हे मला फार अन्यायाचं वाटतं. नवराबायकोपैकी ज्याच्याकडे ईएडी (कुठेही काम करायचा परवाना) आहे त्याची नोकरी गेली तर त्याने जरूर चौकशी करावी.

आणि स्टेट कुठलं यावर फार अवलंबून आहे. आमच्या नॉर्थ कॅरोलायनाने मागच्या मोठ्या मंदीत फेडरल सरकारकडून अडीच अब्ज डॉलरच्या आसपास उसने घेतले होते आणि ते फेडायला 2013 मधे लोकांचेच पैसे कापले, आठवड्याचा जास्तीत जास्त आकडा 535 वरून 350 डॉलर, आणि 26 आठवड्यांचे बेरोजगारीच्या दराप्रमाणे 12 ते 20. त्यावर आणखी असं झालं की तेव्हा चालू असलेली फेडरलची जादा मुदत (स्टेटचे आठवडे संपल्यावर मिळणारे जादा आठवडे) पण या कपातीमुळे बंद पडली आणि जुलै 2013 मधे एका फटक्यात 70 हजारांच्या आसपास लोकांचे चेक थांबले. मी तेव्हा नवीन होतो इथे, आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधून त्या उन्हाळ्यात किती घरं रिकामी झाली.

जुना_डेट्रॉइटकर
सायली, मी या भागात 1998 पासून आहे. 2009 साली देशात बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली तेव्हा मिशिगनमधे ती 14 च्या आसपास होती. जीएम आणि क्रायस्लर दोन्ही त्याच वर्षी बँकरप्सीत गेल्या. मंडळाच्या गणपतीला जमलेल्यांत दर तिसऱ्या घरी हाच विषय. तेव्हा ज्यांनी लाजेखातर क्लेम टाकला नाही त्यांनी 401के (निवृत्तीसाठी साठवलेला पैसा) मोडला आणि दंड भरला, आणि ज्यांनी टाकला ते निदान मॉर्गेज भरत राहिले, त्यातले किती तरी आज इथेच आहेत, मुलं कॉलेजात आहेत. म्हणून कळकळीने सांगतो, त्याला तयार कर.

तेव्हा काय झालं ते लिहितो म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं पण उत्तर येईल. 2008 च्या जूनमधे बुश यांनी जादा मुदतीच्या कायद्यावर सही केली, मग ती वाढत वाढत सगळं मिळून 99 आठवड्यांपर्यंत गेली. फेब्रुवारी 2009 च्या ओबामांच्या पॅकेजमधे प्रत्येक आठवड्याला 25 डॉलर जादा आले, कोब्राला, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स चालू ठेवायला, 65 टक्के सबसिडी आली. आकडा छोटा वाटतो पण ज्या घरात तोच पैसा होता तिथे विचार. आणि हा पैसा बँकेत पडून राहत नाही, तो महिन्याच्या आत क्रोगरच्या किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर, भाड्यात जातो. मार्क झँडी या अर्थतज्ज्ञाने 2008 मधे हिशोब मांडला होता की बेरोजगारांची मुदत वाढवायला घातलेल्या एका डॉलरमागे अर्थव्यवस्थेत 1.64 डॉलर फिरतात. श्रीमंतांच्या टॅक्सकपातीपेक्षा कितीतरी जास्त.

पण स्टेटचा फंड मात्र साफ झाला. चांगल्या वर्षांत पुरेसा साठवलाच नव्हता, कारण मालकांचे टॅक्स कमी ठेवायचे होते. फेडरलचा तो 7,000 चा आकडा 1983 पासून तसाच आहे, पगार कुठे गेले आणि तो कुठे राहिला. देशभरात 30 हून जास्त स्टेट्सनी मिळून 40 अब्जांच्या वर कर्ज काढलं, मिशिगनचंच 3 अब्जांच्या वर होतं. आणि मग 2011 मधे लॅन्सिंगने, म्हणजे मिशिगन सरकारने, काय केलं तर 26 आठवड्यांचे 20 केले, कायमचे. फेडरलच्या जादा आठवड्यांचा आधार होता म्हणून तेव्हा लोकांच्या फारसं लक्षात आलं नाही, तो आधार 2013 च्या शेवटी गेल्यावर चटका बसला. आठवड्याचे जास्तीत जास्त 362 डॉलर हा आकडा तर 2002 पासून वीसेक वर्षं हललाच नाही. आता कुठे 2025 मधे परत 26 आठवडे केले आणि 446 डॉलर केले, पुढे टप्प्याटप्प्याने वाढणार आहेत. माझं स्पष्ट मत आहे की ज्या वर्षी माणसाला जास्त गरज त्याच वर्षी त्याचे आठवडे कापायचे, हे कुठल्याही सरकारने करू नये.

अजून एक, प्रत्येक कागदाचा आणि प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढून ठेव. 2013 ते 2015 या काळात स्टेटच्या मिडास नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमने 40 हजारांच्या आसपास लोकांना आपोआप फ्रॉड ठरवलं होतं, पैसे परत आणि वर चौपट दंड. नंतर स्टेटनेच तपासलं तर माणसाने न बघता ठरवलेल्या 22 हजार केसेसपैकी 93 टक्के चुकीच्या निघाल्या. लोकांचे टॅक्स रिफंड जप्त झाले, काहींची घरं गेली. 2022 मधे 2 कोटी डॉलरची सेटलमेंट झाली, पण तोपर्यंत किती वर्षं गेली. म्हणून पुरावे जपून ठेव.

नगररचना_ओहायो
मी एका मध्यम शहराच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्यात काम करते, सीडीबीजी हेच माझं रोजचं काम, त्यामुळे सायली तुझ्या हिअरिंगबद्दल मी सांगते.

पहिलं, हे दोन वेगळे खिसे आहेत. अनएम्प्लॉयमेंट म्हणजे स्टेटचा फंड, लेबर खात्याच्या नियमांवर. सीडीबीजी म्हणजे फेडरलच्या एचयूडी (घरबांधणी आणि शहरविकास) खात्याचा पैसा, 1974 च्या कायद्याने सुरू झालेला, बाराशेच्या आसपास शहरांना आणि काउंटींना थेट जातो आणि उरलेला स्टेटमार्फत छोट्या गावांना. त्यामुळे स्टेटचा ट्रस्ट फंड आटला म्हणून तुमचा सीडीबीजी कापला जात नाही. पण मंदीत टाउनशिपचा स्वतःचा महसूल घटतो, घरांच्या किमती पडल्या की प्रॉपर्टी टॅक्स पडतो, आणि जवळजवळ सगळ्या स्टेट्सना बजेट बॅलन्स करायची सक्ती असल्याने स्टेट पण गावांचा वाटा कमी करतं. मग रस्ता, पार्क अशी जी कामं एरवी स्वतःच्या पैशातून झाली असती ती हळूच सीडीबीजीत ढकलली जातात. तुला नजर ठेवायचीय ती इथे.

दुसरं, पैसा उशिरा येतो. 2008 मधे फोरक्लोजर झालेल्या (कर्ज थकल्याने बँकेने घेतलेल्या) घरांसाठी 3.92 अब्जांचा पहिला एनएसपी हा फंड आला, डेट्रॉइटला त्यातले 47 मिलियन मिळाले, पण नियम बनेपर्यंत, घरं निवडेपर्यंत, टेंडर निघेपर्यंत शेजारची घरं पण रिकामी पडलेली. शहरांना 18 महिन्यांत पैसे कुठे लावणार ते पक्कं करायचं होतं आणि आमच्यासारख्या ऑफिसांत निम्मी माणसं ले-ऑफ झालेली, काम करणार कोण. 2020 मधे कोविडच्या वेळच्या केअर्स अ‍ॅक्टने 5 अब्ज दिले आणि एक फार चांगली गोष्ट केली, पब्लिक सर्व्हिसवरची 15 टक्क्यांची मर्यादा त्या पैशापुरती काढली.

ती मर्यादा तुझ्या पँट्रीसाठी महत्त्वाची. एरवी सीडीबीजीतला फार तर 15 टक्के पैसा फूड पँट्री, जॉब ट्रेनिंग, सीनियर लोकांची राइड अशा सेवांना देता येतो, बाकी बांधकाम, घरदुरुस्ती, छोट्या धंद्यांना कर्ज वगैरे. म्हणून हिअरिंगला नुसतं आम्हाला पैसे द्या म्हणू नकोस. विचार की गेल्या वर्षी त्या 15 टक्क्यांपैकी किती वापरले, कारण बऱ्याच ठिकाणी ते पूर्ण वापरतच नाहीत. विचार की एकूण पैशातला किमान 70 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी हवा, तो कुठल्या भागात गेला. पँट्रीला जागा वाढवायची असेल, फ्रीजरची खोली बांधायची असेल तर ते इमारतीचं काम म्हणून मागता येतं, 15 टक्क्यांच्या बाहेर. आणि जॉब गेलेल्यांपैकी कुणाला स्वतःचा छोटा धंदा काढायचा असेल तर मायक्रोएंटरप्राइझची (अगदी छोट्या धंद्यांना) मदत त्यात बसते का ते विचार. न्यूयॉर्क, ओरेगॉन अशा मोजक्या स्टेट्समधे तर बेरोजगारीचे आठवड्याचे पैसे घेत असतानाच धंदा उभा करायची परवानगी देणारा प्रोग्रॅम आहे, मिशिगनमधे नाही, असायला हवा.

तासगावची_माणसं
इथून सांगलीहून वाचतोय. तुमचे दोन खिसे वाचून आमची रोजगार हमी आठवली. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून ती राज्यभर आली, कायदा 1977 चा, लागू 26 जानेवारी 1979 पासून. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकार भत्ता. माझ्या आजीने त्या दुष्काळात खडी फोडलीये, तिच्या मजुरीतून घर चाललं आणि ज्या पाझर तलावावर काम केलं त्याचं पाणी अजून आमच्या विहिरीला आहे. माणसाला मजुरी आणि गावाला तलाव एकाच हजेरीपत्रकातून. त्यात मस्टरचे घोटाळे झाले, मजुरी वेळेवर मिळायची नाही, ते सगळं खरं, पण तुमच्याकडे इंजिनियर घरी बसून चेक घेतो आणि त्याच गावात पडकी घरं पाडायला माणसं नाहीत हे वाचून नवल वाटलं. सायलीताई, सासऱ्यांना हे सांगा, त्यांच्या पिढीला रोजगार हमी नक्की माहीत असणार.

पेरोलवाला_ट्रॉय
@तासगावची_माणसं फार छान लिहिलंत. पण एक सांगतो, इंजिनियरला त्या काळात घर पाडायला लावलं तर तो स्वतःच्या कामाची नोकरी शोधणार कधी. हा चेक त्या शोधाच्या वेळासाठी आहे. मला वर्क शेअर जास्त पटतं, मिशिगनमधे 2012 पासून आहे, कंपनी माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी करते आणि कमी झालेल्या तासांपोटी स्टेट थोडे पैसे देतं. 2020 मधे माझ्या दोन क्लायंटनी केलं, एकही माणूस गेला नाही. ताई, मिस्टरांच्या कंपनीत मागे जे राहिलेत त्यांनी एचआरला याबद्दल जरूर विचारावं.

सायली_मिशिगन
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा त्यालाच वाचायला दिला. 42 डॉलरचा हिशोब आणि जुना_डेट्रॉइटकर काकांचं 2009 वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग स्वतःच लॅपटॉप घेऊन बसला आणि क्लेम टाकला. 10 टक्के टॅक्स पण कापायला सांगितलाय. सासऱ्यांशी तोच बोलणार आहे. @नगररचना_ओहायो ताई, फ्रीजरच्या खोलीचं पँट्रीच्या बाईंना सांगितलं, त्यांना हे माहीतच नव्हतं. हिअरिंगला मला तीनच मिनिटं मिळणार म्हणे, तेवढ्यात काय बोलू?

नगररचना_ओहायो
तीन मिनिटांत एकच मागणी कर, फ्रीजरची खोली. जुळणारे दोन आकडे घेऊन जा, गेल्या वर्षी या महिन्यात किती कुटुंबं आली आणि यंदा किती, पँट्रीच्या रजिस्टरमधून. 15 टक्क्यांचा प्रश्न आणि बाकीचं सगळं लेखी दे, वार्षिक आराखड्याचा मसुदा निघाला की 30 दिवस लोकांच्या लेखी सूचना घ्याव्याच लागतात आणि त्या एचयूडीकडे जाणाऱ्या कागदांत लावाव्या लागतात, त्यामुळे तोंडी बोललेलं विसरलं तरी लेखी राहतं. पँट्रीत येणाऱ्यांपैकी एकदोघं स्वतः बोलायला तयार असतील तर त्यांनाही घेऊन जा. आणि तारीख टाउनशिप क्लार्ककडून परत एकदा तपासून घे, आमच्याकडे हिअरिंग पुढे ढकलली तर त्याची नोटीस पेपरच्या आतल्या पानावर येते आणि कुणाला कळत नाही.