'नून' म्हणजे बारा? अहो, तीन वाजायचे!

खडीसाखर: कालच्या धाग्यात एका सदस्याने ठणकावलं: 'इंग्रजी नून पहिल्यापासून नेमका, सूर्य डोक्यावर, बाराचा ठोका. आपली दुपार मात्र चारपर्यंत कुठेही लोळते.' गप्प बसणार होतो, जमलं नाही. नून आला लॅटिन 'नोना होरा'वरून. नववा तास, तोही सूर्योदयापासून मोजलेला. म्हणजे दुपारचे साधारण तीन! मठांतली त्या वेळची प्रार्थना ती नोन. पुढे हा शब्द घसरत घसरत चौदाव्या शतकापर्यंत बारावर येऊन टेकला. आणि दुपार म्हणजे दोन प्रहर, सूर्योदयापासून सहा तास. आता सांगा, मुळात नेमकं कोण होतं?

सरळसोट: तो सदस्य मीच. मुळात काय होतं ते मुळाशी ठेवा. 'दुपारी येतो' म्हणून गेलेला आमचा सुतार दिवेलागणीला उगवला. मी रजा टाकून बसलो होतो. त्याला दोन प्रहर शिकवायला तुम्ही येता का?

ताकभात: पण शब्द घसरला तो भुकेपायी! संत बेनेडिक्टने मठांना घालून दिलेल्या नियमाप्रमाणे सप्टेंबरच्या मध्यापासून लेंटपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांपर्यंत, जेवण नवव्या तासानंतरच. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर साधूंनी प्रार्थनाच अलीकडे ओढली. एकादशीला साबुदाणा अकरालाच उरकणारे आपण, आपल्याला हे कळायला हवं.

खडीसाखर: गोष्ट चविष्ट, पुरावा पातळ. इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलंय की नोनची घंटा सातव्या तासाच्या आरंभीच, म्हणजे बारालाच, वाजवावी. कारण दिलंय सहाव्या तासाच्या श्रेष्ठत्वाचं, पोटाचं नाही. शिवाय तेव्हाचे तास दिवसाबरोबर लांबायचे आणि आखडायचे. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा, म्हणजे त्याचा बारावा भाग, तेव्हाचा 'तास', चाळीसच मिनिटांचा. तिथे नोन दोनलाच. आइसलंडच्या भाषेत मात्र 'नोन' अजून तीनच्या सुमारालाच.

जुनागिरगावकर: बारा बारा करताय ते कुणाचे बारा? मुंबईत सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२:३९ला. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, १९०६ला लादलेली. मुंबईने १९५५पर्यंत आपला बॉम्बे टाइम सोडला नाही, ३९ मिनिटं मागे. आमच्या आजोबांचं घड्याळ बॉम्बे टाइमवर, रेल्वे स्टँडर्डवर. मामाच्या लग्नाला निघालेली मंडळी फलाटावर पोचली तेव्हा गाडी कल्याणच्या पुढे. तरी आजोबा म्हणाले, 'चुकली ती गाडी, मी वेळेवर आलो.'

सरळसोट: विषय काय, चाललंय काय!

ऊनसावली: मुंबईचाच टेंभा कशाला? कलकत्त्याचाही वेगळा टाइम होता, १९४८पर्यंत. आणि आमच्या नागपुरात खरा मध्यान्ह सव्वाबाराच्या आसपास. प्रमाणवेळेचा त्रास फक्त तुम्हालाच होतो, कारण तुम्ही कोपऱ्यात आहात.

ऱ्हस्वदीर्घ: मध्याह्न. ह आधी, न नंतर. वेळ कळत नाही ते कळत नाही, लिहिता तरी यावं.

ऊनसावली: आले मास्तर. छडी आणलीत का?

जुनागिरगावकर: कोपऱ्यात म्हणे! देशाचा निम्मा पैसा इथून जातो, सूर्य तेवढा नागपूरच्या सोयीने उगवायचा?

ताकभात: निम्मा? हिशेबही बॉम्बे टाइमचाच वाटतं.

सरळसोट: बरं, मान्य. नून तीनचा होता, दुपार बाराची होती, बेनेडिक्टचे साधू सज्जन होते. आता खडीसाखर यांनी 'आफ्टरनून' सहापासून सुरू करावी आणि सुतार आला की मला कळवावं.

ऊनसावली: ते राहू द्या. गिरगावकर, बॉम्बे टाइम परत हवाय ना? मग इगतपुरीला उतरताना घड्याळ कितीने पुढे करायचं ते सांगा.

जुनागिरगावकर: तिथल्या सूर्याप्रमाणे तीन मिनिटांनी. आणि हौसेने करीन.