प्रतिसाद: ३० किलोच्या बोकडाचं मटण १३ किलोच का भरलं

दादा, ३० किलोच्या बोकडाचं मटण १३ किलोच भरलं म्हणून तुम्ही खाटकावर संशय घेताय. त्याच्यावर आळ घेण्याआधी बोकड तोलला कधी, ते आठवा. बाजाराच्या सकाळी जनावराला पोटभर चारून, पाणी पाजून आणतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला चारा-पाणीच वजनाच्या १० ते १५ टक्के भरतो, म्हणजे तीन-चार किलोचे पैसे तुम्ही कडब्याला आणि पाण्याला दिलेत! मागच्या वर्षी मी एक उस्मानाबादी बोकड संध्याकाळी तोलला, २८ किलो. रात्रभर नुसत्या पाण्यावर ठेवला, सकाळी काटा २६ वर. एवढा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर माझी तोलायची पद्धतच बदलली.

उसाचा जसा उतारा, तसाच जनावराचा, म्हणजे जिवंत वजनाच्या किती टक्के मटण हाती येतं तो आकडा. मुंडी, पाय, कातडं, रक्त, आतडी काढल्यावर शेळीचा साधारण ४५ ते ५० टक्के पडतो. तुमचा ४३ आलाय, कमी आहे, पण चोरी म्हणण्याइतका नाही. मेंढीत लोकर भिजलेली असली की आणखी फसगत.

वर एकांनी परदेशी बैलांचा ६० टक्क्यांचा आकडा दिलाय. ती धान्यावर पोसलेली, मांसल, चरबीची जनावरं. चरबीनं उतारा वाढतो, पण खायचं लाल मांस तेवढं वाढत नाही. रानात चरणाऱ्या आपल्या शेळीला तो आकडा लावूच नका.

पुढच्या वेळी मांडीवर आणि पाठीच्या मणक्यावर हात फिरवून बघा. मणके बोटाला टोचले तर कितीही वजन दाखवलं तरी घेऊ नका. आणि भाव उपाशी वजनावरच ठरवा.