मदत हवी आहे: अँक्झायटीसाठी प्रीगाबालिन, कोणाच्या घरी चालू आहे का?

नमस्कार मंडळी. आईला बरीच वर्षं अँक्झायटीचा त्रास आहे. सकाळपासून छातीत धडधड, मला ऑफिसातून यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन. एसिटालोप्राम तिच्या पोटाला मानवली नाही, म्हणून सायकियाट्रिस्टनी आता प्रीगाबालिन ७५, रात्री एक, लिहून दिलंय.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, "काकू, शुगरमुळे पायाला मुंग्या येतात का?" घरी नेटवर पाहिलं तर आधी फिट्स, मग नसांचं दुखणं. झालं! आई कॅप्सूलला हात लावायला तयार नाही. "मला काय फेफरं येतंय?"

युरोपात हे औषध २००६पासून जनरलाइज्ड अँक्झायटीसाठी मंजूर आहे, अमेरिकेत त्यासाठी मंजुरी नाही. म्हणजे डॉक्टरांनी भलतंच काही दिलेलं नाही, हे मला पटलंय. तिला कसं पटवू?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा, सुरुवातीची गरगर आणि गुंगी किती दिवसांत कमी झाली? रात्री बाथरूमला उठताना ती पडेल अशी धास्ती वाटते. शिवाय बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. पाय त्यानेही सुजतात, यानेही. मग सूज कशाची हे तुमच्याकडे कसं कळलं? औषध किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन तपासायचं का हे डॉक्टरांना विचारणारच आहे.

एकदा सुरू केलं की मनाने अचानक बंद करायचं नसतं, हे माहीत आहे. आणि "प्राणायाम करा" एवढंच कृपया लिहू नका, ते मावशी रोज सांगते.