जामीन मंजूर, जामीनदार कुठून आणायचा?
‘कोर्टं जामीन खिरापतीसारखा वाटतात’ हे मत अजिबात पटलं नाही. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बिगाऱ्याला जामीन मंजूर झाला, तरी रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन उभा राहणारा जामीनदार कुठून मिळणार? १९७८ च्या मोतीराम खटल्यात गवंडीकाम करणाऱ्या आरोपीकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता. भाऊ जामीनदार राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी रक्कम १,००० वर आणली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा, एकच खटला (फाशी-जन्मठेपेची कलमं वगळून) आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेला असेल, तर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर सुटका. अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचाय. नातेवाईकांनो, तो केला का हे जरूर विचारा!