युद्धकाळात वैमानिकांना दिसलेले प्रकाशगोळे नेमके काय होते?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आमच्या वाचनगटात दुसऱ्या महायुद्धातील ‘फू फायटर’चा, म्हणजे वैमानिकांना आकाशात दिसलेल्या गूढ प्रकाशगोळ्यांचा विषय निघाला. नोव्हेंबर १९४४ पासून ऱ्हाईनच्या खोऱ्यावर रात्री गस्त घालणाऱ्या अमेरिकी ४१५व्या स्क्वाड्रनच्या वैमानिकांना विमानामागून येणारे तांबूस गोळे दिसत, पण ते हल्ला करत नसत. हे जर्मनीचे गुप्त अस्त्र होते का?

उत्तर (नेरूळ):
मला तसे वाटत नाही, कारण जपानवर झेपावणाऱ्या बी-२९ विमानांतील सैनिकांनीही अशाच अग्निगोळ्यांची नोंद केली होती. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासण्यासाठी सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने १९५३ मध्ये नेमलेल्या रॉबर्टसन समितीने स्थिर विद्युत, विद्युतचुंबकीय परिणाम किंवा हिमकणांवरून परावर्तित झालेला प्रकाश अशा शक्यता मांडल्या, मात्र निश्चित कारण सांगितले नाही.

उत्तर (कोपरी, ठाणे):
यात दृष्टिभ्रमाचाही विचार व्हावा. काळोखात आजूबाजूला कोणतीही खूण नसताना एकच स्थिर ठिपका बराच वेळ पाहिला, तर तो हलल्यासारखा भासतो, आणि हे निरोगी, प्रशिक्षित डोळ्यांनाही घडते. त्यामुळे वैमानिकांना खोटे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी जिवावर उदार होऊन, दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. जपानकडील नोंदी मी गटापुढे अवश्य मांडेन.