आठवी 'ब'चा सहावा तास: हातातून सुटलेला वर्ग पुन्हा कसा मिळवावा?

विज्ञानशिक्षिका

गेली अकरा वर्षे मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आठवी 'ब'चा सहावा तास, म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा पहिलाच तास, माझ्याकडे आला आणि ऑगस्ट संपेपर्यंत तो वर्ग माझ्या हातातून पूर्ण सुटला होता. पट ६१. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा-बारा मिनिटे मुलांचे आत येणे, दप्तरे आपटणे, बाटलीतले पाणी एकमेकांवर उडवणे आणि माझे 'गप्प बसा' यांतच जात असत. एकदा वह्या तपासताना एका अबोल मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला बारीक उभ्या रेघा दिसल्या. पाच-पाचांचे सहा गट होते. मी तासाभरात किती वेळा 'गप्प बसा' म्हणते, ते ती मोजत होती. ते पान पाहून मला फार वाईट वाटले, पण त्याच पानाने मला विचार करायला लावले. वर्गातल्या गोंगाटात सर्वांत मोठा आवाज माझाच होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ओरडणे पूर्ण बंद केले. घंटा होण्याआधी पाच मिनिटे वर्गात जाऊन फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवायचा आणि मग दारात उभे राहायचे, असे ठरवले. 'लिंबाच्या रसात निळ्या लिटमस कागदाचे काय झाले, ते एका वाक्यात लिहा', इतका सोपा प्रश्न, की कोणालाही 'येत नाही' म्हणता येऊ नये. आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची, त्याने जागेवर जाऊन वही उघडायची, आणि पहिली चार मिनिटे मी एक शब्दही बोलायचा नाही. मुले लिहीत असताना बाकांमधून फिरत हजेरी घ्यायची. कोणी बोलत असेल तर वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून त्याचे नाव पुकारायचे नाही, त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहायचे आणि बोटाने त्याची वही दाखवायची. पहिल्या आठवड्यात गोंधळ उलट वाढला, कारण मी ओरडत कशी नाही, हे मुलांना पारखून पाहायचे होते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र पाचव्या मिनिटाला शिकवणे सुरू होऊ लागले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी अनेक वर्गांचे चित्रीकरण तपासून १९७० साली जे मांडले, ते मला आता अनुभवाने पटते. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात, यात शांत आणि अशांत वर्गांमध्ये त्यांना फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत: शिक्षकाचे सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवते का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग अडखळत जातो की सहज. वर्ग हातात ठेवण्याची खरी जागा तासाच्या सुरुवातीला आहे आणि शिक्षेचा विचार त्यानंतरचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपला अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहावा.

निवृत्त_मुख्याध्यापक

ताई, आपली तळमळ पोचली आणि फळ्यावरच्या प्रश्नाची पद्धत उत्तम आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आपल्या ६१ मुलांपैकी ५५ मुलांना मुळात गोंधळ नकोच होता, त्यांना फक्त सुरुवात करून देणारे कोणीतरी हवे होते. शिक्षकाची खरी कसोटी उरलेल्या पाच-सहांपाशी लागते. 'मी असे वागलो तर पुढे काय होईल', याचे उत्तर त्यांना ठाऊक असावे लागते, आणि आज आपल्या शाळांत त्याचे उत्तर 'काहीही होत नाही' असे आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. छडी गेली हे योग्यच झाले. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ती वापरली आहे आणि त्याची मला लाज वाटते. परंतु छडीबरोबर शिक्षकाच्या हातातले बाकीचे सगळेच गेले. मुलाला वर्गाबाहेर उभे केले तर तक्रार होते, पालकांना बोलावले तर ते शिक्षकालाच जाब विचारतात, आणि कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. माझी सूचना अशी, की प्रत्येक शाळेने पायऱ्या लेखी ठरवाव्यात: आधी समज, मग रोजनिशीत नोंद, मग शाळा सुटल्यावर थांबून राहिलेले काम पूर्ण करणे, मग पालकांची भेट. सर्व शिक्षकांनी त्या एकसारख्या पाळाव्यात. एक शिक्षक कडक आणि दुसरा सैल असला, की मुले त्या फटीतूनच शिरतात.

आठवीतल्या_मुलाची_आई

सर, आपल्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून लिहिते. माझ्या मुलाची गणिताची तुकडी अत्यंत शांत होती, टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी. तिथे कोणी हात उचलत नसे. फक्त चाचणीचे गुण मोठ्याने वाचले जात आणि सर्वांत कमी गुण मिळालेल्याला उभे करून 'याला काय करावे' असे वर्गाला विचारले जाई. गणिताची चाचणी मंगळवारी असे आणि दर मंगळवारी सकाळी माझ्या मुलाचे पोट दुखत असे. कारण कळायला मला चार महिने लागले. लेखी पायऱ्यांना माझा विरोध नाही, पण पहिल्या पायरीवर दर वेळी तीच पाच मुले उभी राहणार असतील, तर ती पाच का, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची, तेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

दोन_तुकड्यांचे_सर

दोन्ही बाजू वाचल्या. पण दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शिक्षक वेळेवर वर्गात असतो. ताई, आपला तास मधल्या सुट्टीनंतर आहे, म्हणून आपल्याला घंटेआधी दारात उभे राहता येते. आपल्याकडे मुले एकाच खोलीत बसलेली असतात आणि शिक्षक खोल्या बदलतात. दोन तासांच्या मध्ये एका मिनिटाचेही अंतर वेळापत्रकात नसते. माझा तिसरा तास नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संपतो आणि चौथा जुन्या इमारतीत सुरू होतो. जिने उतरून, मैदान ओलांडून मी पोचेपर्यंत चार-पाच मिनिटे जातात, आणि तेवढ्या वेळात वर्ग मुलांचा झालेला असतो. मग तो परत मागावा लागतो.

संख्येचेही तेच. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे, पण ते प्रमाण शाळेच्या एकूण पटावर मोजले जाते आणि प्रत्यक्ष तुकडीत साठ-पासष्ट मुले दाटीवाटीने बसतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे कलम २७ ने शिक्षकांना लागू ठेवली आहेत. सहकारी मतदार यादीच्या कामाला गेला, की त्याची तुकडी माझ्या तुकडीत येऊन बसते. एका बाकावर चार मुले असताना कोपर लागणारच आणि भांडण होणारच. यात शिस्तीचा प्रश्न नंतर येतो, बसायला जागा आधी हवी. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक करताना निदान सलग तास एकाच इमारतीत दिले, तरी निम्मे ओरडणे थांबेल. त्याला पैसाही लागत नाही आणि शासन निर्णयही लागत नाही.

विज्ञानशिक्षिका

सर, वेळापत्रकाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि तो पूर्ण मान्य आहे. आमच्या एका सहशिक्षिकेने यावर असा मार्ग काढला आहे, की दुसऱ्या दिवशीचा प्रश्न ती आदल्या दिवशीच वर्गप्रमुखाला चिठ्ठीवर देते आणि घंटा होताच तो फळ्यावर लिहितो. त्याने सगळे साधत नाही, पण बाई पोचतात तेव्हा निदान निम्म्या वह्या उघडलेल्या असतात.

मुख्याध्यापक सरांनी पाच-सहा मुलांबद्दल विचारले, त्याचे उत्तर मला एका मुलावरूनच देता येईल. हा मुलगा कंपासपेटीने बाक वाजवत असे. ताल इतका पक्का, की मागच्या दोन रांगा लगेच त्याला साथ देत. दोन आठवडे मी तो केव्हा वाजवतो, तेवढेच पाहिले. पुस्तकातला परिच्छेद एकेकाने मोठ्याने वाचायची पाळी त्याच्या रांगेच्या जवळ येऊ लागली, की पेटी वाजू लागे. एरवी नाही. पाण्याच्या टाकीपाशी तो एकटा सापडला तेव्हा मी त्याला विचारले, "वाचायला अडतं का रे?" त्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि "जोडाक्षरं" एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून त्याचा परिच्छेद मी त्याला आदल्या दिवशी दाखवून ठेवते आणि प्रयोगाचे साहित्य मांडायचे काम त्याच्याकडे दिले आहे. पेटी जवळजवळ थांबली.

तरीही डिसेंबरात त्याने एका मुलीची प्रयोगवही फाडली, आणि तेव्हा मी समजूत घालून सोडून दिले नाही. ती फाटलेली अकरा पाने त्याने चार दिवस शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसून, आकृत्यांसह, पुन्हा लिहून काढली. त्याच्या आईला मी आधी फोन करून काय घडले आणि काय करायचे ठरले आहे, ते सांगितले होते. तक्रार म्हणून बोलावले नव्हते, त्यामुळे त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. परिणाम हवाच, हे सरांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र जे बिघडवले ते दुरुस्त करणे, हाच तो परिणाम असावा. उभे करणे, अंगठे धरायला लावणे, गुण वाचून दाखवणे यांतून काहीच दुरुस्त होत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

अकरा पाने लिहून घेण्याचा निर्णय मला अतिशय आवडला, आणि आईंच्या मंगळवारची हकिकत वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. माझ्या काळातही असे मंगळवार होते. लेखी पायऱ्यांच्या कागदावर 'हे मूल असे का वागते, याची वर्गशिक्षकाने नोंद करावी' हे पहिल्या पायरीच्याही आधी यायला हवे, हे मी मान्य करतो. तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. आपल्याला त्या मुलाची जोडाक्षरे ठाऊक आहेत. आपण रजेवर असताना ऑफ तासाला येणाऱ्या शिक्षकाला ती ठाऊक नसतात. त्याने काय करावे?

विज्ञानशिक्षिका

सर, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. माझ्या तासानंतर त्याच वर्गावर चित्रकलेचा तास असतो आणि मी शेजारच्या प्रयोगशाळेत असते. भिंतीतून मला रोज तोच जुना गोंगाट ऐकू येतो आणि त्यात कधीकधी ती कंपासपेटीही असते. शनिवारी शाळा सुटल्यावर सभा आहे. आठवी 'ब'ला शिकवणाऱ्या आम्ही सहाही जणांनी तासाची सुरुवात सारखीच करावी आणि प्रत्येक मुलाविषयी जे कळले आहे ते एका वहीत लिहून ती वर्गाच्या कपाटात ठेवावी, असा प्रस्ताव मी तिथे मांडणार आहे.